जीपचे इंजिन आणि चालकाचा हात

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, गोद्यांना लागून माझगाव हा जुना भाग आहे. आगबोटींतून उतरलेला माल ठेवण्याच्या वखारी, जहाजदुरुस्तीचे कारखाने आणि कामगारांच्या चाळी यांनी तो गजबजलेला असे. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास या भागात एका नव्या वाहनाची जुळणी होऊ लागली. अमेरिकेतील टोलेडो शहराच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीचे सुटे भाग समुद्रमार्गे मुंबईस येत आणि त्यांतून जी गाडी उभी राही, तिला सारे जग जीप या नावाने ओळखत होते. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र या बंधूंनी १९४५ साली गुलाम महंमद यांच्या भागीदारीत पोलादाच्या व्यापाराची एक संस्था काढली होती. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले व संस्थेस महिंद्र आणि महिंद्र हे नाव मिळाले. या संस्थेने १९४७ पासून जीप भारतात आणली आणि १९४९ साली माझगावात ती बांधण्यास आरंभ केला.

पुढील दोन दशकांत ही गाडी कोठे गेली नाही असे ठिकाण शोधूनही सापडणार नाही. १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा विकास अधिकारी जीपमधून गावोगाव फिरू लागले. धरणांवरचे अभियंते, लसीकरण करणारे डॉक्टर, जंगलखात्याचे अधिकारी या सर्वांना तिने खडकाळ पायवाटांवरून आणि नदीच्या पात्रातून पोचवले. ज्या खेड्यात मोटारीचा रस्ता नव्हता, तेथे पुष्कळदा पहिली दिसलेली मोटार म्हणजे जीपच होय. पुढे सरकारी खात्यांनी आपल्या जुन्या जीपगाड्या लिलावात काढल्या. त्यांपैकी काही शेतकऱ्यांनी घेतल्या, काही व्यापाऱ्यांनी, आणि काही फिरून फिरून मुंबईस आल्या. लालबाग-परळच्या गॅरेजांतून त्यांची इंजिने उघडली गेली, घासली गेली आणि पुन्हा बांधली गेली. पन्नास-साठ वर्षे वयाची अशी एखादी जीप आजही शहराच्या रस्त्यावर दिसते. तिच्याच बरोबरीने निर्माण झालेली, तिच्यासारखेच इंजिन असलेली दुसरी जीप मात्र कधीच भंगारात गेलेली असते. दोघींचे पोलाद एक, कारखाना एक. मग आयुष्यात एवढा फरक का पडावा?

याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम ते इंजिन कसे घडले हे पाहिले पाहिजे. विलीज कंपनीचे चार सिलिंडरांचे मूळचे इंजिन केवळ ४८ अश्वशक्तीचे होते. १९३८ साली डेल्मार रूस हे अभियंता कंपनीत आले, तेव्हा हे इंजिन पूर्ण वेगाने चालवले तर अर्धा तासही टिकत नसे; त्याची बेरिंगे जळून ते बंद पडे. रूस यांनी ते टाकून देऊन नवे इंजिन काढले नाही. त्यांनी एकेक भाग हाती घेतला. दट्ट्ये हलके केले, अधिक कसदार धातू वापरले, एका भागाची दुसऱ्या भागाशी असणारी फट काटेकोर केली. सुधारलेले इंजिन ६० अश्वशक्ती देऊ लागले आणि पूर्ण वेगाने शंभर तासांहून अधिक काळ अखंड चालू लागले. हेच ते ‘गो-डेव्हिल’ इंजिन. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक युद्धोपयोगी जीपगाड्या निर्माण केल्या, त्या सर्वांत हेच इंजिन बसवलेले होते. युद्धकाळात भारत सरकारच्या वतीने खरेदीच्या कामासाठी कैलासचंद्र महिंद्र अमेरिकेत होते. तेथे त्यांची रूस यांच्याशी गाठ पडली आणि माझगावच्या कारखान्याचे बीज त्या भेटीत रुजले, असे सांगतात.

१९५३ साली जीपमध्ये ‘हरिकेन’ नावाचे इंजिन आले. त्याच्या आत येणाऱ्या वायूच्या झडपा वरच्या बाजूस बसवल्या होत्या. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि गाडीचे पुढील झाकणही उंच करावे लागले. उंच नाकाच्या या जीपला सीजे-३बी म्हणत. अमेरिकेत तिची निर्मिती १९६८ साली थांबली, तरी भारतात ती व तिच्यापासून निघालेल्या गाड्या पुढे अनेक वर्षे बनत राहिल्या. १९८० नंतरच्या दशकात त्यांत फ्रेंच बनावटीच्या आराखड्याचे डिझेल इंजिन बसू लागले. तथापि मुंबईच्या जुन्या मिस्त्रींच्या बोलण्यात जीपचे इंजिन म्हणजे पेट्रोलवर चालणारे, गुरगुरणारे तेच जुने इंजिन होय.

या इंजिनाच्या सिलिंडराचा व्यास सुमारे ७९ मिलिमीटर असून दट्ट्याची धाव सुमारे १११ मिलिमीटर आहे. म्हणजे दट्ट्या स्वतःच्या रुंदीपेक्षा बराच लांब पल्ला वर-खाली करतो. लांब धावेमुळे कमी फेऱ्यांतही इंजिन जोर लावू शकते. चिखलातून किंवा चढावर गाडी बैलासारखी सावकाश ओढत नेण्याचा गुण तिला यातूनच लाभला. परंतु हाच गुण वेगाच्या बाबतीत दोष ठरतो. सीजे-३बी जीप ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असता तिचे इंजिन मिनिटाला साधारण २,४०० फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात दट्ट्या एकदा वर व एकदा खाली जातो. म्हणजे तो सेकंदाला सुमारे नऊ मीटर इतके अंतर कापतो, आणि तेही प्रत्येक टोकाला पूर्ण थांबून, दिशा बदलून. हाच वेग ताशी ९० किलोमीटरवर नेला, तर फेरे ३,६०० च्या पुढे जातात. वेग दीडपट झाला म्हणून दट्ट्याला थोपवून परत फिरवण्याचा ताण दीडपटच वाढतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सव्वादोन पटींनी वाढतो. हा सारा ताण दट्ट्याच्या दांड्यावर आणि बेरिंगांवर पडतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला, तेव्हापासून जुन्या जीपच्या मालकांपुढे एक मोह उभा राहिला आहे. शेजारून नव्या मोटारी सळसळत निघून जात असताना आपल्या गाडीस मागे ठेवणे अनेकांना जड जाते. ते गती वाढवतात. गाडीही वाढवलेली गती निमूटपणे देते. त्या दिवशी काही होत नाही, दुसऱ्या आठवड्यातही नाही. काही महिन्यांनी मात्र तेलाचा दाब दाखवणारा काटा हळूहळू खाली उतरू लागतो. तेव्हा दोष गाडीच्या वयाला दिला जातो. ज्या रस्त्याची कल्पनाही हे इंजिन घडवणाऱ्यांना नव्हती, तेथे ते नव्या मोटारीच्या वेगाने पळवावे, हे वृद्ध पैलवानास शर्यतीत उतरवण्यासारखेच आहे.

वेगापेक्षाही अधिक हानी पुष्कळदा गाडी उभी असताना होते, हे ऐकून आश्चर्य वाटेल. रात्रभर बंद असलेल्या इंजिनातील तेल निथळून खालच्या तेलपात्रात जमा होते. सकाळी इंजिन चालू केल्यावर ते पुन्हा सर्व भागांपर्यंत पोचण्यास काही क्षण लागतात, आणि त्या क्षणांत धातू धातूवर जवळजवळ कोरडाच घासतो. गिरगावातील एखाद्या वाडीत पहाटे कोणी जीप सुरू करतो आणि इंजिन ‘गरम करण्यासाठी’ पाय दाबून त्याची घरघर वाढवतो. त्या आवाजाने सारी वाडी जागी होते, आणि इंजिनाची झीज मात्र दुप्पट होते. जाणता चालक इंजिन सुरू करून तेलाच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत थांबतो आणि मग पहिला मैलभर गाडी हलक्या हाताने नेतो. उभ्या गाडीचे इंजिन पंधरा मिनिटे चालू ठेवण्यानेही लाभ होत नाही. चालत्या गाडीत ते लवकर व सर्वांगाने तापते.

आखूड फेऱ्या हा शहरातला दुसरा शत्रू होय. दादरच्या फुलबाजारातून पहाटे माल उचलायचा, तो जवळच्याच एखाद्या बाजारात पोचवायचा आणि परत यायचे, असे ज्या गाडीचे नित्याचे काम आहे तिचे इंजिन कधी पुरते तापतच नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. इंजिन तापलेले असेल तर ही वाफ बाहेर निघून जाते. थंड इंजिनात ती आतच थिजते, न जळलेल्या पेट्रोलासह तेलात मिसळते, आणि तेलाचा काळा चिकट गाळ बनतो. या गाळाने तेलाच्या बारीक वाटा बुजतात. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी तासभर सलग चालवून आणावी, असे मिस्त्री सांगतात ते याचसाठी. तेल बदलण्याविषयी मालक व मिस्त्री यांच्यात नेहमी होणारा संवाद ऐकण्यासारखा असतो.

“मिस्त्री, माझी गाडी थेंबभर तेल खात नाही. मग दर वेळी तेल बदलायचं कशाला?”

“तेल खात नाही म्हणून तर बदलायचं, शेठ. जे जळालं नाही, ते सगळी घाण पोटात घेऊन आतच फिरतंय ना!”

मुंबईत जीपची खरी परीक्षा पाहावयाची असेल तर अनंत चतुर्दशीचा दिवस निवडावा. लालबागहून निघालेल्या मोठ्या मिरवणुका भायखळा, नागपाडा, गोल देऊळ, ऑपेरा हाऊस असे टप्पे घेत गिरगावच्या चौपाटीस पोचेपर्यंत रात्र उलटून दुसरा दिवस उजाडतो. लहान मंडळांच्या मिरवणुकांतही जीपवर ध्वनिक्षेपक बांधलेला असतो आणि ती माणसाच्या पावलाहूनही मंद गतीने सरकत असते. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीच्या रेडिएटरवर समोरचा वारा आपोआप आदळतो. मिरवणुकीत वारा नाही. केवळ पंख्याचाच आधार, आणि तोही मंद फिरणाऱ्या इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा. अशा वेळी अननुभवी चालक क्लचवर अर्धा पाय ठेवून गाडी रेटत राहतो. क्लचची चकती घासून तापते, इंजिनावर ओझे पडते आणि पाणी उकळू लागते. अनुभवी चालक तसे करीत नाही. मिरवणूक थांबली की तो गाडी न्यूट्रलमध्ये आणतो, थांबा लांबणार असे दिसले की इंजिन बंद करतो; पुढे जागा झाली की पहिल्या गिअरमध्ये, क्लचवरून पाय पूर्ण काढून, दहा-वीस पावले गाडी नेतो आणि पुन्हा थांबतो. त्याचे सारे लक्ष पाण्याच्या तापमानाच्या काट्यावर असते, नाचणाऱ्यांवर नसते. हे सोपे नव्हे.

पाणी उकळलेच, तर दोन चुका हटकून केल्या जातात. पहिली म्हणजे रेडिएटरचे झाकण तत्काळ उघडणे. आतील वाफ दाबाखाली असल्याने झाकण सैल होताच उकळते पाणी उसळून हात व तोंड भाजते. दुसरी चूक इंजिनाच्या जिवावर बेतते. उत्साही कार्यकर्ता जवळच्या सरबताच्या गाडीवरून थंड पाण्याची बादली आणतो आणि तापलेल्या इंजिनात ओततो. लालभडक तव्यावर पाणी टाकावे तसे ओतीव लोखंड एका बाजूने एकदम आक्रसते आणि त्याला तडा जातो. तडा गेलेला ठोकळा पूर्ववत करणे फार कठीण. म्हणून गाडी कडेला घेऊन, झाकण उघडून वारा लागू द्यावा, अर्धा-पाऊण तास वाट पाहावी, मग जाड फडके धरून टोपण हळूहळू सोडावे आणि इंजिन मंद चालू ठेवून थोडे थोडे पाणी घालावे. मिरवणूक पुढे गेली तरी जाऊ द्यावी.

गिअरच्या बाबतीत आळस हा मोठा दोष आहे. मलबार हिलचा चढ चढताना गाडीचा जोर कमी होऊ लागला तरी पुष्कळजण गिअर खाली आणीत नाहीत. तिसऱ्याच गिअरमध्ये पेट्रोलचा पाय दाबून तिला ओढायला लावतात. इंजिन आतून ठोकल्यासारखा आवाज करते. जुन्या जीपच्या चालकास यासाठी एक सबबही मिळते. तिच्या पहिल्या गिअरला दंतचक्रे आपोआप जुळवून घेण्याची सोय नसल्यामुळे चालत्या गाडीत तो टाकताना खरखर होते. परंतु दोनदा क्लच दाबून, मध्ये इंजिनाला किंचित गती देऊन तो बिनआवाज टाकण्याची कला आठवड्याभरात साधते. बोरघाट किंवा कसारा घाट उतरताना याच्या नेमका उलट मोह होतो. पेट्रोल वाचावे म्हणून चालक गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. मग सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. जो घाट ज्या गिअरमध्ये चढला, तो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक यातूनच आला आहे.

जीपला चार चाकांची शक्ती असते, याचा अभिमान बाळगणारे काही चालक शहरातील कोरड्या डांबरी रस्त्यावरही ती दांडी ओढून ठेवतात. वळण घेताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांब वाटेने जातात. चिखलात हा फरक चाके घसरून भरून निघतो. कोरड्या रस्त्यावर तो दांड्यांना पीळ देत राहतो, आणि अखेर काहीतरी तुटते. चार चाकांची दांडी चिखल, वाळू आणि ओला गवताळ चढ यांसाठी आहे.

पावसाळ्यात दादर व परळ यांच्या दरम्यान हिंदमाताच्या खोलगट भागात पाणी साचते, हे मुंबईकरांना सांगावयास नको. जीप उंच असल्यामुळे तिच्या चालकास येथे वाजवीहून अधिक धीर येतो. गुडघाभर पाण्यातून ती जाते हे खरे. पण वेगाने नेली तर पंखा पाणी उडवून ठिणगी देणाऱ्या तारा भिजवतो आणि इंजिन बंद पडते. जुने चालक खोल पाणी ओलांडण्यापूर्वी पंख्याचा पट्टा सैल करीत, आणि पलीकडे जाताच तो पुन्हा चढवीत. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा पुन्हा चालू करू पाहणे ही सर्वांत घातक सवय होय. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. हवेच्या वाटेने सिलिंडरात पाणी शिरले असेल, तर वर येणारा दट्ट्या त्या पाण्यावर भिंतीसारखा आदळतो आणि त्याचा पोलादी दांडा वाकतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा शहरात असंख्य मोटारी पाण्यात उभ्या होत्या. अशा गाड्या ढकलत बाहेर काढणाऱ्यांना पुढे केवळ तेल बदलून, तारा वाळवून भागवता येते. घाईने चावी फिरवत राहणाऱ्यांना इंजिन उतरवावे लागते.

लालबाग, परळ, चिंचपोकळी हा गिरण्यांचा आणि रेल्वे कारखान्यांचा प्रदेश. ज्या वस्तीत फिटर, जॉबर आणि तेलवाले पिढ्यान्पिढ्या राहिले, तेथे यंत्राचा आवाज ओळखणारे कान सहज तयार झाले. असा मिस्त्री पाचकसाचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाशी धरतो आणि खडखड कोणत्या बेरिंगातून येते हे सांगतो. धुराचा रंग पाहून तो रोग ओळखतो. निळसर धूर निघाला तर तेल जळत आहे. काळा निघाला तर पेट्रोल अधिक जात आहे. तापलेल्या इंजिनातूनही पांढरा धूर निघत राहिला तर पाणी आत शिरत आहे. तेल मोजण्याच्या गजावरील थेंब तो दोन बोटांत चोळून पाहतो. कण लागले तर हवेच्या गाळणीकडे प्रथम पाहतो. जुन्या जीपच्या गाळणीत तळाशी तेल भरलेले असते. आत येणाऱ्या हवेतील धूळ त्यात अडकावी अशी ती युक्ती आहे. हे तेल महिनोन्महिने बदलले नाही तर ते चिखल होते आणि धूळ सरळ सिलिंडरात जाऊन पॉलिशकागदासारखी भिंती घासत राहते.

घासलेल्या भिंती पुन्हा गोल व गुळगुळीत करण्यासाठी सिलिंडर यंत्रावर किंचित मोठे कोरून घेतात आणि त्यात त्या मापाचे मोठे दट्ट्ये व रिंगा बसवतात. हे काम इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने चालते. पहिल्या वेळी दहा किंवा वीस हजारांश, पुढच्या वेळी तीस, मग चाळीस. प्रत्येक वेळी भिंत तेवढी पातळ होते, आणि एक मर्यादा आली की ते लोखंड आणखी कोरता येत नाही. मग आत नवी नळी ठोकून बसवावी लागते. म्हणजे इंजिनाला पुनर्जन्म आहेत, पण ते मोजके आहेत. सावध चालक एकेक जन्म दहा-पंधरा वर्षे पुरवतो. बेफिकीर चालक तेच सारे थोडक्या वर्षांत उधळून टाकतो, आणि नंतर सुटे भाग मिळत नाहीत म्हणून चोर बाजाराच्या गल्ल्यांतून फिरत राहतो. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. दक्षिण मुंबईची जुनी जीप त्यासाठी ताडदेवच्या कार्यालयात जाते, तेव्हाही तिच्या धुराची पारख होतेच.

नव्याने बांधलेले इंजिन मालकाच्या हवाली करताना मिस्त्रीची मुद्रा गंभीर असते. नव्या रिंगा व नव्या भिंती अद्याप एकमेकींस रुळलेल्या नसतात. त्यांच्यावरील सूक्ष्म खाचा एकमेकींस घासून सपाट व्हावयाच्या असतात, आणि हे काम कोणतेही यंत्र करू शकत नाही. ते रस्त्यावरच व्हावे लागते. पहिले सात-आठशे किलोमीटर गाडी फार वेगाने न्यायची नाही, ओझे भरायचे नाही, चढावर ओढायला लावायचे नाही, आणि एकाच गतीने तासन्‌तास चालवायचीही नाही, असे मिस्त्री बजावतो. ते अंतर पुरे झाले की गाडी परत गॅरेजात येते. तेलपात्राचा खालचा बोल्ट सोडला जातो. उन्हात धरलेल्या त्या तेलात धातूची बारीक चकाकी तरंगताना दिसते. मिस्त्री ते सारे निथळू देतो, बोल्ट पुसून लावतो, नवे तेल भरतो आणि गाडीच्या काट्यावरील आकडा खडूने भिंतीवर लिहून ठेवतो.